एका छपराखाली दोन चुली

जिवंत जनावराला मी बरं केलं की श्रेय देवाला जायचं, आणि मेलेल्या जनावराची सरकारी मदत अडली की दोष मला लागायचा. या वाटणीची मला नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात सवय झाली. खरं सांगायचं तर पुढे पुढे मला त्यात मजाही वाटायला लागली. गुरांच्या दवाखान्याची डॉक्टर म्हणून मी आधी हरसूलच्या डोंगरात आणि नंतर देवळ्याच्या कांद्याच्या मुलखात उभी नोकरी काढली. अडलेल्या म्हशी सोडवल्या, लशी टोचल्या, खुरं कापली. पण माणसं मला ओळखायची ती वेगळ्याच कामासाठी. वीज पडली, पूर आला, गारांनी गोठा कोसळला आणि जनावर दगावलं, की ते कशाने दगावलं हे कागदावर लिहून देणारी बाई म्हणजे मी. पहिल्या वर्षी तर लोक माझ्या मागे बघायचे, खरा डॉक्टर अजून यायचाय अशा समजुतीने. मी पिशवीतून सुरी काढली की मग त्यांची खात्री पटायची.

बाहेरच्या माणसाला हे काम दिसत नाही, म्हणून थोडं सांगते. नैसर्गिक आपत्तीत जनावर गेलं तर सरकार मदत देतं. पुरी किंमत मिळत नाही, दुसरं जनावर उभं करायला हातभार मिळतो. त्यासाठी दोन कागद लागतात. एक तलाठ्याचा पंचनामा, म्हणजे गावातल्या पंचांसमोर लिहिलेली हकिकत. दुसरा आमचा शवविच्छेदनाचा दाखला. जनावर कोणाचं मेलं ते तलाठी सांगणार, कशाने मेलं ते डॉक्टर सांगणार. दोन्ही कागद तहसील कचेरीत गेले की मंजुरी होते आणि चेक निघतो. ऐकायला सोपं आहे. पण पंचनामा ओट्यावर सतरंजीवर बसून करता येतो, आणि शवविच्छेदन चिखलात उकिडवं बसून, नाकाला ओढणी बांधून करावं लागतं. आमच्या खात्यात कोणी मिरवायला लागलं की मी त्याला या फरकाची आठवण करून द्यायचे.

विजेने मेलेलं जनावर ओळखणं फार अवघड नाही. ते चरता चरता जातं, तोंडातला घास तोंडातच राहतो. अंगावर केस जळाल्याची वेडीवाकडी रेघ असते, कधी खांद्यापासून थेट खुरापर्यंत उतरलेली. ही लक्षणं ऐकून ऐकून लोकांनाही पाठ झाली होती आणि तिथेच आमची करमणूक सुरू व्हायची. एकदा म्हातारपणाने मेलेला बैल दाखवून मालकाने वीज सांगितली. अंगावर रेघ होती, पण पट्टीने आखल्यासारखी सरळ. मी वाकून वास घेतला आणि विचारलं, रॉकेल सगळं बैलालाच लावलं की घरात काही उरलंय? तो गडी जराही न लाजता म्हणाला, थोडं उरलंय. मग त्याच रॉकेलच्या स्टोव्हवर त्याने मला चहा करून पाजला. चहा मी घेतला, दाखला दिला नाही, आणि आमची ओळख शेवटपर्यंत चांगली राहिली.

देवळ्याला मामला वेगळा. तिथे माणूस वकिलासारखा भांडतो. एका वर्षी अवकाळी पावसाने चाळीतला कांदा भिजला, सडला, आणि लोकांनी तो बांधावर ओतून दिला. म्हशींनी तो पोटभर खाल्ला. कांदा जनावराला जास्त झाला तर त्याचं रक्त फुटतं, लघवी कॉफीसारखी होते आणि ते मरतं. एका शेतकऱ्याची दुभती म्हैस अशीच गेली. मी कांद्याची विषबाधा लिहिली. ही काही नैसर्गिक आपत्ती नव्हे, मदत मिळणार नाही, असंही सांगितलं. त्याने मला बांधावर उभं करून शांतपणे समजावलं, "पाऊस पडना नसता तं कांदा सडना नसता. कांदा सडना नसता तं म्हैस मरनी नसती. मंग मारं कोनी?" मला आजही त्याच्या बोलण्यात चूक सापडलेली नाही. दाखला मात्र मी बदलला नाही, कारण मला म्हशीच्या पोटात कांदा दिसला होता, पाऊस नाही.

सगळंच असं हसण्यावारी जायचं नाही. पुरात शेळ्या वाहून गेलेल्या एका म्हातारीने माझ्यापुढे नुसती दावी आणून ठेवली होती. मढं नाही म्हणजे शवविच्छेदन नाही, शवविच्छेदन नाही म्हणजे मदत नाही. मी दोन दिवस नदीकाठ धुंडाळायला माणसं लावली, तहसीलदारांशी वाद घातला, पण काही उपयोग झाला नाही. ती दावी बघताना मला फार वाईट वाटलं होतं आणि आजही वाटतं. मी हरलेली प्रकरणं थोडी आहेत, पण ती अशी आहेत.

आता मी जिंकलेल्या प्रकरणाबद्दल सांगते. जिंकलेलं म्हणते खरं, पण कोण जिंकलं ते वाचणाऱ्याने ठरवावं.

मदतीच्या नियमात एक मेख होती. एका कुटुंबाची कितीही मोठी जनावरं मेली तरी मदत एकाच जनावराची मिळायची. बैल गेला आणि गायही गेली, तर दोघांपैकी एकच. नियम करणाऱ्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. पैसा थोडा आणि घरं पुष्कळ, तर प्रत्येकाला काहीतरी पोचावं हा हेतू त्यात होता. फक्त कुटुंब कशाला म्हणायचं हे त्यात नीट सांगितलेलं नव्हतं. नाशकात बसून त्याची गरजही भासली नसती. माझं स्वतःचं उदाहरण घ्या. मी हरसूलला फिरायचे ती एम-एटी दुचाकी माझ्या पगारातून घेतलेली, पण होती नवऱ्याच्या नावावर. ते अंबडच्या कारखान्यात होते, कंपनीच्या बसने जायचे, त्या गाडीवर एकदाही बसले नव्हते. तरी आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

हरसूलपासून आत डोंगराच्या कुशीत एक पाडा आहे. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथेच नांदतात. परतीच्या पावसात एका दुपारी तिथे वीज कोसळली. मोहाच्या झाडाखाली एकाच घरची दोन जनावरं बांधलेली होती, एक बैल आणि एक गाय. दोन्ही जागच्या जागी गेली. निरोप आला तशी मी पोचले. शंकेला जागाच नव्हती. दोघांच्या तोंडात गवत होतं, अंगावर रेघा होत्या. घरधनी लखमा बैलाकडे बघत झाडापासून लांब उभा होता. ऐन भातकापणी तोंडावर आणि जोडीतला एक बैल गेलेला, त्याचं तोंड उतरलं होतं. गाईच्या डोक्याशी एक पोक्त बाई बसून कावळे हाकत होती. ती देवकाबाई, लखमाची पहिली बायको. मी हात धुवायला लागले तेव्हा तांब्यातून पाणी घालताना तिने एवढंच विचारलं, गाईचं पण लिहिलं ना. मी हो म्हटलं. आणि दोन जनावरांचे दोन वेगळे दाखले खरंच लिहिले.

त्या घराची रीत मला हळूहळू कळली. देवकाबाईला एकच मुलगी, ती लग्न होऊन गेलेली. नंतर लखमाने दुसरी बायको केली, यशी नावाची. तिची दोन लहान लेकरं होती. यशी आल्यावर देवकाबाई रुसून माहेरी गेली नाही की भांडत बसली नाही. तिने त्याच घराच्या मागच्या पडवीत तीन दगड मांडून आपली चूल वेगळी केली. खाचरात, म्हणजे भाताच्या शेतात, रोपं लावायच्या आवणीला आणि कापणीला ती सगळ्यांच्या आधी हजर असायची, आणि पिकलेल्या भातातला आपला वाटा मोजून घ्यायची. गाय तिची स्वतःची होती. लग्नात तिच्या बापाने एक कालवड दिली होती, ही त्या कालवडीची नात. तिचं दूध देवकाबाई रस्त्यावरच्या चहाच्या टपरीला घालायची. तेल-मिठाचं त्यावर भागायचं, लखमापुढे हात पसरावा लागायचा नाही. गाय नसती तर तिला दिवाळीनंतर दिंडोरीकडे द्राक्षांच्या मजुरीला जावं लागलं असतं. एकट्या बाईने चार महिने पाडा सोडला की परत आल्यावर तिच्या पडवीत दुसऱ्या कोणाची तरी शेरडं बांधलेली दिसतात, हे तिला पक्कं माहीत होतं.

काही दिवसांनी देवकाबाई डोंगर उतरून चालत माझ्या दवाखान्यात आली. पंचनाम्यात फक्त बैल आहे, हे तिला कोणीतरी सांगितलं होतं. ती दारातच उभी राहिली, आत यायला तयार होईना.

"गाय तुम्ही चिरली, डाक्टरीणबाई," ती म्हणाली. "मंग ती कागदातून कुठं गेली?"

मी तडक तलाठ्याकडे गेले. निकम भाऊसाहेब हा मुरलेला माणूस. निवृत्तीला आलेला, पान खाणारा, एकेक शब्द तोलून लिहिणारा. माझा आवाज चढलेला असूनही त्यांनी मला आधी खुर्ची दिली. मग त्यांची बाजू सांगितली. रेशनकार्ड एक, सातबारा एक, म्हणजे कुटुंब एक. दोन्ही जनावरं लिहिली असती तर कचेरीत एकावर काट मारली गेली असती, आणि ती कोणावर ते आपल्या हातात राहिलं नसतं. बैल गेला तर शेत पडतं, म्हणून त्यांनी बैल लिहिला. मी म्हटलं, ती बाई वेगळं शिजवून खाते, गाय तिच्या माहेरची आहे. ते म्हणाले, मलाही ठाऊक आहे, मॅडम. चूल वेगळी असेल तर मी वेगळं कुटुंब लिहू शकतो. पण ते पंचांनी सांगायला हवं आणि घरधन्याने कबूल करायला हवं. लखमाला विचारलं तर तो मान हलवतो, तोंड उघडत नाही. शेवटी ते स्वतःच म्हणाले की वाघबारशीला जाऊ, त्या दिवशी अख्खा पाडा जागेवर असतो.

दिवाळीच्या आधी वाघबारस येते. डोंगरातल्या लोकांचा हा गुरांचा सण. पाड्याच्या वेशीवर वाघदेव असतो, लाकडी फळीवर वाघ, चंद्र आणि सूर्य कोरलेले, शेंदूर लावलेला. गुरं राखणारे दारोदार फिरून तांदूळ गोळा करतात, वाघदेवापुढे ते शिजवतात, नारळ फोडतात आणि वर्षभर गुरांना सांभाळ असं मागणं मागतात. मी आणि भाऊसाहेब पोचलो तेव्हा ही फेरी चालू होती. गुराखी लखमाच्या दाराशी आले. यशीने सुपातून तांदूळ घातले. मला वाटलं आता ते पुढच्या घरी जाणार. पण ते घराला वळसा घालून मागे गेले आणि पडवीशी उभे राहिले. देवकाबाईने तिच्या मडक्यातले तांदूळ आणून त्यांच्या झोळीत ओतले. गाय मरून गेली होती, गोठ्यात तिचं एकही जनावर उरलं नव्हतं, तरी ती वाघाचा वाटा देत होती. भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं.

पाड्याचा जुना कारभारी सोमाबाबा ओट्यावर बसला होता. भाऊसाहेबांनी त्याला सहज विचारावं तसं विचारलं, की बाबा, तांदूळ किती घरांतून गोळा होतात.

"घरं नाय मोजत आम्ही," सोमाबाबा म्हणाला. "चुली मोजतो. वाघाला चुलीमागं तांदूळ."

म्हणजे या घराच्या किती चुली, असं विचारल्यावर तो म्हणाला, दोन. यशी आली तेव्हापासून दोन. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. सरकारला जे सापडत नव्हतं ते पाडा दर वर्षी वाघासमोर मोजत होता. पंच होते, साक्ष होती, भाऊसाहेबांच्या पिशवीत कागद होता. आता पंचांनी एक ओळ सांगायची, लखमाने अंगठा द्यायचा आणि दोघांनाही मदत मिळायची. यात कोणाचं काही जात नव्हतं. मी तर परत जाताना कुठे जेवायचं याचाही विचार सुरू केला होता.

आणि लखमा नाही म्हणाला. देवकाबाईचं कुटुंब वेगळं लिहिलं तर उद्या ती खाचरं वाटून मागेल, अशी त्याला धास्ती होती. सगळी मिळून तीन खाचरं, त्यातलं एक गेलं तर यशीच्या लेकरांनी काय खायचं, असं त्याचं म्हणणं. बोलताना त्याने देवकाबाईकडे पाहिलंही नाही. मला त्याचा राग आला. मी देवकाबाईला म्हटलं, तुम्हीच सांगा बाई यांना, तुम्ही वेगळ्या राहता हे साऱ्या पाड्याला माहीत आहे. ती बाई आपल्या बाजूने उभी राहणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

"मी बी नाय म्हणते," देवकाबाई म्हणाली. "आज वेगळी लिवली तर उद्या हेच म्हणतील, कागदावर तूच वेगळी झाली, आता नीघ. गायीपायी माझी खाचरं नाय सोडायची मी."

मी ओट्यावर बसूनच घेतलं. एकाच वाक्याला दोघंही भीत होते. त्याला वाटत होतं ती जमीन नेईल, तिला वाटत होतं तिची जमीन जाईल. आणि मी, गायीचा चेक म्हणजे मोठीच गोष्ट समजून, दोघांच्या मध्ये उभी होते. पाड्यात काडीमोड झालेली बाई चूल वेगळी करून राहत नाही, ती माहेरी जाते. देवकाबाई वेगळी शिजवत होती, पण तुटलेली नव्हती. या नात्याला आमच्या कुठल्याच फॉर्मात जागा नव्हती.

भाऊसाहेबांनी पानाची पिंक टाकली आणि ते म्हणाले, फॉर्मात जागा नसेल, पंचनाम्यात आहे. पंच जे सांगतील ते जसंच्या तसं उतरवायचा मला अधिकार आहे, फक्त ते एकमताने सांगितलं पाहिजे. मग बरीच बोलाचाली झाली. पंच कधी लखमाला गप्प करत, कधी देवकाबाईला. शेवटी सगळे उठून वाघदेवापाशी गेले, कारण तिथे बोललेलं मोडत नाही अशी तिथली रीत आहे. सोमाबाबाने सांगितलं आणि भाऊसाहेबांनी सरकारी भाषेत लिहिलं, की देवकाबाई ही लखमाची बायको असून तिची चूल स्वतंत्र आहे, मयत गाय तिच्या माहेरची व तिच्या मालकीची आहे, जमीन दोघे एकत्र कसतात, चूल वेगळी म्हणून जमिनीवरचा तिचा वाटा कमी होत नाही आणि ती जमीन वाटून मागणार नाही. देवकाबाईने ते तीनदा वाचून दाखवायला लावलं. तिसऱ्यांदा तिने भाऊसाहेबांना 'वाटा' जिथे लिहिलंय तिथे बोट ठेवायला लावलं. लखमा घुटमळला. सोमाबाबाने वाघदेवाकडे नुसतं बघितलं. मग लखमाने अंगठा दिला आणि सर्वांत शेवटी देवकाबाईने.

कचेरीत अपेक्षेप्रमाणे हरकत निघाली. मी स्वतः कागद घेऊन गेले होते. तिथल्या कारकुनाने चष्मा कपाळावर चढवून विचारलं, गाय मेल्याच्या पंचनाम्यात जमिनीचा काय संबंध? मी म्हटलं, गाय जमिनीवरच मेली. त्याने चष्मा परत नाकावर घेतला आणि कागद पुढे सरकवला. नोकरीत मी यापेक्षा मोठे वाद जिंकलेत, पण इतक्या कमी शब्दांत दुसरा एकही नाही.

मंजुरी यायला उन्हाळा उजाडला. तोवर देवकाबाई मजुरीला गेली नाही, टपरीवरून उधारीने तेल-मीठ आणून पडवी धरून राहिली. हरसूलच्या बँकेत देवकाबाईचं खातं मीच काढून दिलं, फोटो काढायला घेऊन गेले तेव्हा ती कॅमेऱ्याकडे वाघाकडे बघावं तशी बघत होती. दोन नावांचे दोन चेक आले. त्या रात्री जेवताना मी घरी सगळी हकिकत सांगितली. नवऱ्याने नेहमीप्रमाणे शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग ती एम-एटी तुझ्या नावावर करून घेऊ या का. मी म्हटलं, आधी पेट्रोल कोण भरतं ते बघा, मग बोला. देवकाबाईसाठी मी एक गाय हेरून ठेवली होती. ठाण्यावर बांधून राहणारी, शांत, दुसऱ्या वेताची. मालकाशी बोलून भावही पाडून घेतला होता. बाजाराच्या दिवशी तिला दाखवायची, एवढंच बाकी होतं.

बाजाराच्या दिवशी देवकाबाई आली, पण एकटी नाही. बरोबर लखमा आणि सोमाबाबा. आणि सोमाबाबाच्या हातात कासऱ्याला एक बैल, उंच खांद्याचा, पांढराशुभ्र. पावसाच्या तोंडावर बैलांचे भाव चढतात, लखमाच्या चेकात असा बैल कधीच आला नसता. त्यात देवकाबाईने आपले सगळे पैसे घातले होते. सोमाबाबासमोर बोली झाली होती. अर्धा बैल लखमाचा, अर्धा देवकाबाईचा. जोडी दुसऱ्याच्या शेतावर गेली तर त्या भाड्यातही तिचा वाटा.

मला संताप आवरेना. लखमाला बाजूला सारून मी तिला दवाखान्याच्या मागे नेलं. सांगितलं की हे पैसे गाईचे होते, तुझ्या गाईचे, त्यासाठी मी कचेरीचे उंबरे झिजवले. या माणसाने तुला गोड बोलून फसवलं, असंही म्हटलं. रागाच्या भरात मी तिला एकेरी बोलत होते, ते माझ्या ध्यानातही आलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग पदराने तोंड पुसलं.

"त्यानं नाय सांगितलं, मी सांगितलं त्याला," ती म्हणाली. "गाय मेली तवा कोणाचं अडलं, बाई? माझं एकलीचं अडलं. बैल माझा असला तर साऱ्या घराचं अडंल. आता मला पाड्यातून हालवायचं तर आधी बैल वाटावा लागंल. बैल कसा वाटतील?"

मी गाईच्या मालकाला निरोप पाठवला की गिऱ्हाईक नाही. त्याने मला चार शब्द सुनावले, ते मी ऐकून घेतले. मनात मात्र हुरहूर होती. बोलीतला शब्द वेगळा आणि माणूस वेगळा, लखमाने उद्या हात वर केले तर या बाईची गायही गेली आणि बैलही गेला. दूध नाही, टपरी नाही, तेल-मिठाला पैसा नाही. शहाणपणा केला की अंगाशी येतो, असं मला तिच्याबद्दल वाटत राहिलं.

आषाढात मी लसीकरणाला त्या पाड्यावरून जात होते. पाऊस झिमझिमत होता. खाचरात पाणी भरलेलं, आवणीआधीचा चिखल चालला होता. लखमा औतामागे, पुढे जुना बैल आणि त्याच्याशेजारी तो पांढरा. खालच्या खाचरात यशी रोपं काढत होती आणि तिची लेकरं बांधावर इरल्याखाली बसली होती. वरच्या बांधावर देवकाबाई उभी होती, कंबरेवर हात ठेवून. मला बघून तिने मान हलवली, पण तिचं लक्ष सगळं औताकडे होतं. पांढरा बैल वळणावर जरा रेंगाळला. लखमाने चाबूक उचलला.

"थांबीव," देवकाबाई वरून म्हणाली. "माझा अर्धा दमला."

लखमाने तिच्याकडे पाहिलं, मग बैलाकडे. अर्धा बैल थांबवून अर्धा चालवायची काही सोय नव्हती. त्याने चाबूक खाली टाकला, औत थांबलं, आणि तो निमूटपणे बांधावर येऊन बसला.